चोरूण की चोरून?

गुरुवायूरला बाळाला घेऊन जायचा विचार करत असाल, तर एक गोष्ट आधीच सांगते. मंदिरात मोबाईल नेता येत नाही. त्यामुळे बाळाचा पहिला घास तुमच्या फोनमध्ये नाही, डोळ्यांतच साठवावा लागतो.

आपल्याकडे बाळाचं उष्टावण करतात, बंगालमध्ये मुखेभात, तसं केरळमध्ये चोरूण. चोरु म्हणजे भात, ऊण म्हणजे जेवण. माझी ताई लग्न होऊन कोचीला गेली, तेव्हा या शब्दावरून आम्ही खूप हसलो होतो. पण तिच्यावर खरंच चोरून भरवायची वेळ आली.

झालं असं, की सहाव्या महिन्यात गुरुवायूरला चोरूण करायचं ठरलं होतं. आधी बाळाला ताप आला, मग भाऊजींना सुट्टी मिळेना. सातवा महिना लागला. वजन जागचं हलत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सहा महिने पूर्ण झाल्यावर नुसतं आईचं दूध पुरत नाही, लोह कमी पडतं, आता थांबू नका. ताईच्या सासूबाई, म्हणजे अम्मा, म्हणाल्या, पहिला घास देवाच्या दारात. दोघींचंही चुकत नव्हतं, हीच पंचाईत! ताईने मग अम्मा आंघोळीला गेल्या की नाचणीचं सत्त्व शिजवायला सुरुवात केली. रोज दोन-तीन चमचे. फोनवर मला सांगताना रडली होती.

तीन आठवड्यांनी आम्ही एर्नाकुलमहून त्रिशूरमार्गे ट्रेनने निघालो. गुरुवायूर हे त्रिशूरपासून साधारण 30 किलोमीटरवरचं छोटं गाव. पहाटे 3 वाजता मंदिर उघडतं, आणि सकाळी रस्त्यावर नवरानवरींचीच गर्दी, इतकी लग्नं तिथे लागतात. पुरुषांना आत मुंडू नेसून उघड्या अंगाने जावं लागतं. भाऊजींचा मुंडू दोनदा सुटला, तो विषय राहू दे.

चोरूणासाठी पावती फाडायची आणि रांगेत बसायचं. शेजारी-शेजारी कितीतरी बाळं, प्रत्येकासमोर केळीचं पान, त्यावर भात, पायसम. एक बाळ रडलं की सगळी रांग रडते. आमच्या शेजारचं बाळ भात जिभेने बाहेर ढकलत होतं, आणि ते अगदी साहजिक आहे. नवीन चव, नवीन स्पर्श. नाही घेतलं तर जबरदस्ती करू नका, दोन दिवसांनी पुन्हा द्या.

आमची चिमुकली मात्र भाऊजींच्या मांडीवरून पानाकडे झेपावली. घास जवळ येताच तोंडाचा मोठ्ठा आ! मऊ भात गिळला आणि पुन्हा आ. ताईने माझा हात घट्ट धरला. सराव नसलेलं बाळ असं खात नाही, हे अम्मांना कळणार नाही? त्यांनी तीन मुलं वाढवली आहेत. पण अम्मा काही बोलल्या नाहीत. पायसम फक्त बोटाने जिभेला लावलं, कारण वर्षाच्या आत साखर-मीठ नको आणि मध तर अजिबात नको, हे डॉक्टरांनी बजावलं होतं.

मग तुलाभार. एका पारड्यात बाळ, दुसऱ्यात केळी. केळी चढत गेली आणि ताई श्वास रोखून बघत राहिली. साडेसहा किलो! डॉक्टरांच्या काट्यावर सव्वासहा होतं. कपडे धरले असतील म्हणा, पण मला तेवढं पुरे होतं.

परतीच्या गाडीत अम्मांनी पिशवीतून एक डबा काढून ताईच्या मांडीवर ठेवला. कच्ची केळी वाळवून केलेलं पीठ, केरळात लहान बाळांना याचीच खीर देतात. घरी केलं होतं, म्हणजे केळी वाळवायलाच काही दिवस गेले असणार.

"नाचणीने पोट जड होत असेल," अम्मा खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "एक दिवसाआड हे दे. आणि मी आंघोळीला जायची वाट बघू नकोस."