औंधचा राजा आणि येरळेचं धरण

दिवाळीच्या सुटीत पाहुणे आले की त्यांना कुठं न्यायचं, हा प्रश्न विट्यात घरोघरी पडतो. रेणावीचा रेवणसिद्ध होतो, बाणूरगड होतो आणि मग "आता काय?" म्हणून सगळे एकमेकांची तोंडं बघतात. मुलांनो, अशा वेळी डबा बांधा, पाण्याचा कॅन भरून घ्या आणि सरळ औंधची वाट धरा. सकाळी निघालात तर दिवेलागणीला घरी परत याल.

आम्ही यंदा असेच निघालो. आत्या, दोन भाचरं आणि मी. कऱ्हाडच्या रस्त्याला लागलं की येरळा नदी ओलांडावी लागते. धाकटी म्हणाली, "ही नदी? हिच्यात तर वाळूच आहे!" तिचं काही चुकलं नाही. पश्चिमेकडून आलेले ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात. तिकडे महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि इकडे माणदेश, खानापूरच्या माळावर आभाळाकडे डोळे. म्हणून तर या भागातली कितीतरी कुटुंबं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी भारतभर पांगली. अलीकडे टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी उपसून इकडे आणलं, तेव्हा ऊस आणि द्राक्षबागा दिसायला लागल्या. येरळेला मात्र विसरू नका, येताना तिच्याकडे पुन्हा जायचंय.

पुढं पुसेसावळी लागते. इथं आपण सांगली जिल्हा सोडून सातारा जिल्ह्यात आलेले असतो. आणि मग समोर औंधचा डोंगर. माथ्यावर यमाईचं मूळपीठ, पायथ्याला गाव, गावात यमाईचं दुसरं देऊळ आणि त्याला लागूनच राजवाडा. देवळापुढची दगडी दीपमाळ बघायला मान पार मागं टाकावी लागते. प्रभू रामचंद्रांनी देवीला "ये माई" अशी हाक मारली म्हणून ती यमाई, असं इथले लोक सांगतात.

राजवाडा पाहून थोरला भाचा जरा हिरमुसला. त्याच्या डोक्यात म्हैसूरचा झगमगाट होता. हा वाडा म्हणजे चौक, लाकडी खांब, जाड भिंती. पण इथला राजा मात्र म्हैसूरलाही ऐकू जावा असा होता.

शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र राजाराम महाराज यांनी जिंजीला असताना 'प्रतिनिधी' हे पद निर्माण केलं. प्रतिनिधी म्हणजे राजाच्या जागी उभा राहणारा माणूस. पुढं हे पद परशुराम त्र्यंबक यांच्या घराण्यात आलं आणि त्यांचे वंशज औंधचे पंतप्रतिनिधी झाले. त्यांतले भवानराव ऊर्फ बाळासाहेब १९०९ साली गादीवर आले. संस्थान अवघं ७२ गावांचं, आणि तेही एकसंध नाही! औंध इथं, आटपाडी तिकडे, कुंडल भलतीकडे आणि गुणदाळ तर विजापूरच्या बाजूला.

बाळासाहेब रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि शाळेतल्या मुलांकडूनही घालून घ्यायचे. ते स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे. महाभारताची शुद्ध प्रत तयार करायचं काम पुण्याच्या भांडारकर संस्थेत सुरू झालं, तेव्हा त्यांनी एक लाख रुपयांची मदत देऊ केली. बेळगावातून कारखाना हलवायची पाळी आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडलजवळची माळरानाची जागा दिली. काटेरी निवडुंग आणि साप यांचं ते रान. तिथं १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंधच्या शाळेत शिकलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या राजावर मोठा गोड लेख लिहिला आहे, आई-बाबांना विचारा, त्यांनी वाचलेला असेल.

डोंगराच्या वाटेवरच श्री भवानी संग्रहालय आहे. राजाने ते १९३८ साली बांधून घेतलं. चित्रांवर उजेड वरून पडावा अशी छपराची रचना केली आहे. राजा रविवर्मा यांची मूळ चित्रं इथं आहेत, आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं 'आई आणि मूल' हे दगडी शिल्पसुद्धा! लंडन-न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत ज्याची शिल्पं मानाने ठेवतात, त्याचं एक शिल्प आपल्या खटाव तालुक्यात. आत्या त्याच्यापुढं बराच वेळ उभ्या होत्या. "नाक-डोळे धड नाहीत, पण आई आहे हे कळतं की," एवढंच म्हणाल्या. (संग्रहालय कोणत्या दिवशी बंद असतं, ते आधी विचारूनच निघा.)

माथ्यावर गार वाऱ्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा सोडला आणि जेवता जेवता मुलांना खरी गोष्ट सांगितली.

१९३८ साली बाळासाहेब सत्तर वर्षांचे झाले. त्या वर्षी त्यांनी जाहीर केलं की राज्याचा कारभार प्रजेच्या हाती द्यायचा. चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे इंजिनियर गांधीजींना जाऊन भेटले. त्यांच्या सल्ल्याने संविधान तयार झालं आणि १९३९ च्या जानेवारीत लागू झालं. प्रत्येक गावाने पाच पंच निवडायचे, पंचायतींमधून तालुक्याची समिती, तिच्यातून राज्याची विधानसभा. गावचा तंटा गावातच मिटवायचा. स्वातंत्र्य यायला अजून आठ वर्षं होती!

"मग राजा काय करणार?" भाच्याने विचारलं. राजा राजाच राहिला, पण खजिना त्याचा उरला नाही. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत निघाली. तिला भिंत नाही. कैद्यांनी शेती करायची आणि कुटुंबासह राहायचं. तिच्यावरूनच माडगूळकरांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. १९४८ मध्ये औंध मुंबई राज्यात विलीन झालं आणि हा प्रयोग नवव्या वर्षीच थांबला. तो आणखी चालायला हवा होता, असं मला वाटतं.

परतीच्या वाटेवर थोडी वाकडी वाट करून बलवडी गाठली. इथं येरळेवर बळीराजा स्मृती धरण आहे. दिसायला अगदी साधं, फोटोत तर मुळीच भाव खाणार नाही. पण ते कुठल्या राजाने बांधलं नाही. १९८० च्या दशकात दुष्काळाने लोक पोळले होते आणि नदीतली वाळू मात्र ट्रक भरभरून शहरांकडे चालली होती. वाळू गेली की पात्रात पाणी मुरत नाही आणि विहिरी आटतात. तेव्हा बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ठरवलं की वाळू आमची आहे. थोडीच विकू आणि त्या पैशातून बंधारा बांधू. सरकारशी त्यांना बरंच झगडावं लागलं. कॉलेजची मुलंही श्रमदानाला आली.

पाण्याची वाटणी त्यांनी आधीच ठरवून टाकली होती. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, असं नाही. दर कुटुंबाला सारखा हिस्सा, आणि ज्याच्याकडे शेत नाही त्यालासुद्धा!

"शेत नसताना पाणी घेऊन तो करणार काय?" धाकटीने लगेच विचारलं. दुसऱ्याचं शेत वाट्याने करायचं, पाणी आपलं आणि पीक दोघांचं. मग विट्याचे दिवे दिसेपर्यंत गाडीत तेवढाच हिशेब चालला होता.