उताराचा विचार

‘साहस’ हा शब्द ऐकताच ज्यांच्या अंगात वीज खेळते, त्यांच्यासमोर ‘सुरक्षितपणा’ हा शब्द उच्चारणे म्हणजे मेजवानीच्या पंगतीत पथ्याचा विषय काढण्यासारखे आहे. या दोहोंचे जन्माचे वैर आहे, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. साहसी माणूस म्हटला की तो मागचापुढचा विचार न करता निघालेला असावा, आणि विचारी माणूस म्हटला की तो बहुधा निघालेलाच नसावा! ही वाटणी मला मान्य नाही. पन्नाशी उलटल्यावर सायकलने सह्याद्रीचा एक घाट चढून दुसरा उतरण्याची मसलत मी आरंभली आहे. आणि गेला महिनाभर कागद, पेन्सिल व नकाशा घेऊन बसलो असता माझी अशी खात्री होत चालली आहे, की डोंगरातील प्रवासाचा अर्धा पुरुषार्थ बेत आखण्यातच खर्ची पडतो.

बेत असा : वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीमार्गे महाबळेश्वर गाठावयाचे, रात्री तेथे मुक्काम करावयाचा आणि दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाटाने कोकणात पोलादपुरास उतरावयाचे. सोबतीस माझा भाचा आहे. त्याचे वय बावीस. म्हणजे ज्या वयात उतार हा केवळ चढाचा मोबदला वाटतो ते. “मामा, महाबळेश्वरला पोचलो की काम संपलं. पुढे नुसतं बसून राहायचं!” असे तो म्हणाला. वस्तुतः आमच्या साऱ्या मसलतीचे मर्म नेमके याच्या उलट आहे. चढावर माणूस फार तर दमतो, आणि दमला तर सायकल हातात धरून चालू लागतो. चढ हा पायांचा विषय आहे. उतार हा बुद्धीचा.

तथापि पन्नाशीतल्या पायांचीही काही तरतूद हवीच. पसरणीच्या घाटात सुमारे बारा किलोमीटरांत सहाशे मीटर उंची चढावी लागते. त्यासाठी मी सायकलीला असा गिअर बसवून घेतला आहे, की पॅडलच्या एका फेरीला मागचे चाकही एकच फेरी घेते. वेग पायी चालणाराच्या दुपटीहून फारसा अधिक होत नाही. परंतु छातीचा भाता शाबूत राहतो. ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ साली ज्यांनी सुरू केली त्या आंरी देग्रांज यांचे असे मत होते, की बदलते गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठीच आहेत. त्यांच्या शर्यतीत गिअर बदलणाऱ्या यंत्राला १९३७ सालापर्यंत मज्जाव होता. देग्रांज यांनी हे उपहासाने म्हटले असले, तरी मी त्यांचा अभिप्राय प्रमाणपत्र म्हणून स्वीकारला आहे.

त्यांच्याच देशातील पॉल द व्हिव्ही हे गृहस्थ मात्र मला अधिक जवळचे वाटतात. ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने ते लिहीत, आणि याच गिअरचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. त्यांनी सायकलप्रवाशांसाठी जे थोडे नियम घालून दिले, त्यांचा आशय असा : भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे, थंडी वाजण्यापूर्वी अंग झाकावे, आणि केवळ ऐट म्हणून कधीही पॅडल मारू नये. यातला शेवटचा नियम मला सर्वांत कठीण वाटतो. पुण्याहून वाईपर्यंतचा महामार्ग मालमोटारींच्या संगतीत तुडविण्याऐवजी सायकली टेम्पोत घालून न्याव्या, असे मी सुचविले, तेव्हा भाच्याचा चेहरा पडला. “लोक काय म्हणतील?” हा प्रश्न त्याच्या ओठांवर होता. ज्या रस्त्यावर आपण कितीही सावध असलो तरी दुसऱ्याच्या डुलकीवर आपला जीव अवलंबून राहतो, तेथे शौर्याला वावच उरत नाही, हे त्याला पटविण्यात एक संध्याकाळ गेली.

दिवस आणि वेळाही ठरल्या आहेत. पावसाळा व दिवाळीची सुटी दोन्ही सरल्यावर, शनिवार-रविवार टाळून जावयाचे. चढण पहाटे फटफटताच सुरू करावयाची, म्हणजे हवेत गारवा असतो आणि पर्यटकांच्या मोटारी अद्याप गावातच असतात. उतरण मात्र पहाटे नाही. धुके निवळून आणि रस्त्यावरचे दव सुकूनच. सायकलीच्या मागे तांबडा दिवा दिवसाही लावावयाचा, आणि अंधार पडल्यावर घाटात पाऊल ठेवावयाचे नाही.

आता त्या उताराविषयी. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. पोलादपूर पार खाली, कोकणच्या सपाटीनजीक. स्वार आणि सायकल मिळून नव्वद किलो वजन धरले, तर तेराशे मीटर उतरताना जी शक्ती मोकळी होते, तिने तीन लिटर गार पाण्याला सहज उकळी फुटेल. त्यातला काही भाग वारा घेतो. उरलेला ब्रेकांच्या माथी येतो. म्हणून ब्रेक सतत दाबून धरावयाचा नाही. थोडा आवळावा, सोडावा, त्याला निवू द्यावे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. सबब वेग वळणात शिरण्यापूर्वी कमी करावयाचा, वळणात शिरल्यावर नव्हे. वळणावर वाळू, ओला पाला किंवा सांडलेले तेल असेलच असे मानून चालावयाचे, आणि दोघांत चांगले पन्नास पावलांचे अंतर राखावयाचे. शिखरावर पोचल्यावर सदऱ्याखाली वर्तमानपत्र घालून उतरण्याची युरोपातील जुन्या शर्यतवीरांची चाल होती. वाऱ्याने गारठलेली बोटे ब्रेक नीट आवळू शकत नाहीत, हे त्यांस अनुभवाने कळले होते.

या घाटाची कीर्तीही साधी नाही. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तो डोंगराची माती रस्त्यावर व रस्ता दरीत लोटीत असतो. जुलै २०१८ मध्ये सहलीस निघालेल्या सहकाऱ्यांची एक बस येथे दरीत कोसळून सुमारे तीस माणसे गेली. आणखी मागे पाहावे, तर अफझलखान १६५९ साली वाईहूनच जावळीच्या खोऱ्यात उतरला होता. त्याच्या फौजेला उतरण्याची वाट मिळाली, परतण्याची मिळाली नाही. प्रतापगडाच्या पायथ्यावरून जाताना हे स्मरण ठेवण्यासारखे आहे : डोंगर कोणाचा शत्रू नाही, पण तो कोणाच्या रुबाबालाही भीक घालीत नाही.

इतका सारा बेत मी एके रात्री पत्नीस वाचून दाखविला. गिअर, ब्रेक, औषधे, पंक्चर काढण्याचे सामान, दोघांचे रक्तगट, सारे तिने शांतपणे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, “ते सगळं ठीक आहे. तुम्ही मला एवढंच सांगा, की मी काळजी करायला किती वाजता लागू?”

या प्रश्नाने मी अंतर्मुख झालो. डोंगराच्या कुशीत फोन लागेलच असे नाही. आणि जो वाटेवर असतो त्याला पुढचे वळण दिसत असते, घरी बसलेल्याला मात्र सारीच वळणे एकदम दिसतात. तेव्हा कागदावर आणखी एक रकाना पडला : कोणत्या गावाहून किती वाजता निरोप येईल, निरोप न आल्यास कोणत्या घटकेपर्यंत स्वस्थ राहावे, आणि त्यानंतर कोणास फोन करावा. पोलादपुराहून दुपारी दीडपर्यंत निरोप, तीनपर्यंत धीर, त्यानंतर काळजी. तिने तो कागद घडी घालून देव्हाऱ्याच्या खणात ठेवला आहे.

व्हेलोसियो यांनी आयुष्यभर डोंगर तुडविले, आणि १९३० साली आपल्याच शहरात, सायकल हाती धरून पायी चालले असता, ट्रामच्या धक्क्याने त्यांचा अंत झाला. तेव्हा कोणताही बेत मृत्यूला दाराबाहेर उभे करू शकत नाही, हे मी जाणतो. त्याने बेत निरर्थक ठरत नाही. आपले धैर्य हे आपल्या एकट्याच्या मालकीचे नसते. त्याचा निम्मा भार घरी कोणीतरी घड्याळाकडे पाहत उचलीत असते. तो भार तीन वाजेपर्यंत तरी तिच्यावर पडू नये, एवढेच या कागदाचे काम आहे. भाच्याने मात्र परवा तो कागद मागून घेतला, आणि आपल्या आईसाठी त्याची एक नक्कल करून नेली.