गरज भासल्यास

मनुष्यदेहाला होणाऱ्या यातनांमध्ये स्नायू आखडण्याची यातना मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. कण्याला इजा पोहोचू नये म्हणून पाठीचे स्नायू आपल्या संमतीवाचून आवळले जातात. त्या आवळण्याने दुखते, दुखण्याच्या भयाने ते अधिकच आवळतात, आणि ज्या रक्षणासाठी हा सारा बंदोबस्त झाला त्याचे प्रयोजन संपले तरी तो उठत नाही. शरीरशास्त्र सांगते की स्नायूला आकुंचन पावण्यास जशी शक्ती खर्चावी लागते तशीच सैल पडण्यासही लागते, आणि मृत्यूनंतर त्या शक्तीची निर्मिती थांबते म्हणूनच प्रेत ताठरते. सैल होणे हे जिवंत देहाचे कार्य आहे, हे वाचल्यापासून माझ्या जुन्या पाठदुखीविषयी माझ्या मनात चिडीऐवजी कुतूहल उत्पन्न झाले.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत या व्याधीला उसण म्हणत, आणि लावणीच्या दिवसांत, सकाळपासून चिखलात वाकून राहिलेल्या बायाबापड्यांना ती हमखास भरे. पायाळू जन्मलेल्या माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, अशी सर्वांची श्रद्धा. त्यामुळे आमच्या शेजारच्या पायाळू काकूंकडे तिन्हीसांजेला माणसे येत. काकू आधी पाय धुऊन कोरडे करीत, ओटीच्या खांबाला एक हात देऊन उभ्या राहत, आणि पालथ्या पडलेल्या माणसाच्या कण्याच्या कडेकडेने आपली टाच हलक्या दाबाने खाली नेत. प्रत्यक्ष कण्यावर त्यांचा पाय कधी पडल्याचे मला आठवत नाही. मग तव्यावर निर्गुडीचा पाला गरम करून, फडक्यात बांधून त्याचा शेक. जन्मवेळी पाय आधी बाहेर आले म्हणून त्या पायात गुण आला, हे मी मानीत नाही. परंतु त्या शेकाला आणि त्या टाचेला मी कमी लेखणार नाही, कारण २०१७ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही औषधाच्या आधी शेक आणि मर्दन यांना स्थान आहे.

पुढे महसूल खात्यात कारकुनी पत्करली आणि लावणीच्या चिखलाची जागा दप्तरखान्याने घेतली. वर्षानुवर्षांच्या कागदांनी जड झालेला, जाड कापडात गच्च बांधलेला रुमाल तळच्या फळीवरून ओढताना कंबरेत लख्खकन चमक निघे आणि सरळ उभे राहणे अशक्य होई. अव्वल कारकून प्रेमळ होते. "भाऊ, घरी जा आणि आठ दिवस फळीवर उताणे पडून राहा," असे ते सांगत, आणि त्या काळचे डॉक्टरही तेच सांगत. आम्ही पाठीवर बेलाडोनाची पट्टी लावून किंवा अमृतांजन चोळून पडून राहत असू, आणि जमाबंदीची कामे तुंबून राहत. दीर्घ विश्रांतीने कंबर सुधारण्याऐवजी अधिक आखडते, हा आजचा निष्कर्ष तेव्हा कोणाच्या गावीही नव्हता.

स्नायू शिथिल करणारी गोळी प्रथम हाती आली ती नोकरीच्या उत्तरार्धात. चिठ्ठी देताना तालुक्याच्या गावचे ते तरुण डॉक्टर म्हणाले, "दुखणं असह्य झालं तरच घ्या, भाऊसाहेब, आणि थोडं सैल वाटलं की निजून राहू नका, चालायला लागा." गोळीचा खरा उपयोग मला या वाक्यात कळला. ती आखडलेल्या देहाला उभे करण्यापुरती आहे. उरलेले काम पायांनी करायचे असते.

या औषधांचा इतिहासही मनोज्ञ आहे. नाझींच्या भयाने चेकोस्लोव्हाकिया सोडून इंग्लंडात आलेले फ्रँक बर्गर पेनिसिलिन टिकवून धरणाऱ्या रसायनाच्या शोधात होते. त्यासाठी तपासलेल्या एका द्रव्याने उंदरांचे अवयव सैल पडले, उंदीर मात्र शुद्धीवर राहिले आणि काही वेळाने पूर्ववत झाले. १९४६ साली त्यांनी विल्यम ब्रॅडली यांच्यासह ही हकिकत प्रसिद्ध केली. ते द्रव्य म्हणजेच मेफेनेसिन; त्याच परंपरेत पुढे १९५९ साली कॅरिसोप्रोडॉल बाजारात आले. या वर्गातील बहुतेक औषधे प्रत्यक्ष स्नायूवर काम करीत नाहीत. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याकडून स्नायूंना सुटणारे हुकूमच ती मंद करतात. त्यामुळे पाठीबरोबर सारा माणूसच मंदावतो, डोळ्यांवर झापड येते, आणि गोळी घेऊन वाहन चालवणे किंवा वर मद्य घेणे धोक्याचे ठरते.

सेवानिवृत्तीनंतर मला थायोकोल्चिकोसाइड लिहून मिळाले, आणि चौकशीअंती ते कळलावीच्या बियांतून मिळणाऱ्या द्रव्यापासून सिद्ध होते असे समजले, तेव्हा मी थक्क झालो. आमच्या बांधावर भाद्रपदात ज्वाळेसारख्या पाकळ्यांनी फुलणारी, गौरीला आवडीने वाहिली जाणारी, आणि तरीही घरात कलह लागेल म्हणून परसात न लावली जाणारी हीच ती वेल! तिचा कंद विषारी, हे आम्हा मुलांना आईने बजावले होते. तमिळनाडूत आज तिची शेती होते. विषाची ती भीती मात्र सर्वस्वी सरलेली नाही; युरोपीय औषध संस्थेने २०१३ साली या औषधाच्या गोळ्या सात दिवसांहून अधिक घेऊ नयेत, गरोदर स्त्रियांना आणि सोळा वर्षांखालील मुलांना त्या देऊ नयेत, असे निर्बंध सुचवले, कारण देहात त्याचे जे एक रूपांतर होते ते विभाजन पावणाऱ्या पेशींना अपाय करू शकते.

'गरज भासल्यास' असे लिहून डॉक्टर आपला एक अधिकार रोग्याच्या स्वाधीन करतात, मुखत्यारपत्रच म्हणा ना. आणि मुखत्याराने आपल्या अखत्यारीची हद्द आणि मुदत ओळखून वागावे, हे कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. माझी थोरली बहीण सोसण्यालाच पुण्य मानी. दिवसेंदिवस ताठलेल्या मानेने भिंतीकडे तोंड करून पडे, आणि दोन गोळ्यांनी जे सुख तिला लाभले असते ते तिने कधी घेतले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. उलट माझ्या परिचयातल्या एका वृद्ध गृहस्थांनी गोळी झोपेसाठी म्हणून रोज घेण्याचा परिपाठ ठेवला, आणि मध्यरात्री मोरीकडे जाताना तोल जाऊन त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. (मज्जारज्जूच्या काही विकारांत याच वर्गातले बॅक्लोफेन नित्य घ्यावे लागते, ते एकाएकी बंद करणेच घातक, ती गोष्ट वेगळी.) मी स्वतः आधी शेक घेतो, पडवीत भिंतीच्या आधाराने फेऱ्या घालतो, आणि तरीही अंथरुणात कूस बदलता येत नसेल तरच गोळी घेतो, तीही रात्री, उशाशी दिवा आणि काठी ठेवून.

ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांच्या उशाशी अशा गोळ्यांची पट्टी असेल, त्यांनी आज ती एकदा हाती घेऊन पाहावी. चिठ्ठीतली मुदत उलटून गेली असूनही गोळ्या चालूच असतील, किंवा दुखणे पायात उतरून बधिरपणा येत असेल, लघवी अडत असेल, तर दुकानातून नवी पट्टी आणू नये. वडीलधाऱ्यांना डॉक्टरांकडे न्यावे.