मधल्या खोलीचा उजेड

इंग्लंडमधल्या ओळीतल्या व्हिक्टोरियन घरांची रचना बहुतेक ठिकाणी सारखीच. रस्त्याकडे पुढची खोली, मग मधली, आणि मागे अंग चोरून उभं असलेलं अरुंद स्वयंपाकघर. ते अरुंद ठेवलं, कारण शेजारून एक बोळ सुटावा आणि मधल्या खोलीच्या खिडकीला उजेड मिळावा. कामगारांसाठी काटकसरीने घरं बांधणाऱ्यांनीही ही जागा सोडली होती. आज घर वाढवायचं म्हटलं की पहिला घास त्या बोळाचाच घेतला जातो, याचं मला वाईट वाटतं.

लेस्टरमधलं आमचं घरही आता वाढवायला हवं. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आहेत आणि संडास-बाथरूम वरच्या मजल्यावर. जिना उभा आणि चिंचोळा. कठडा दोन्ही हातांनी धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या उतरतात, आणि खाली पोचेपर्यंत आम्ही कुणी बोलत नाही. त्यांची सोय तळमजल्यावर करायची, हे ठरलेलंच आहे. प्रश्न आहे तो किती बांधायचं याचा.

नियम तसे सढळ आहेत. ओळीतल्या घराच्या मूळ मागच्या भिंतीपासून 3 मीटरपर्यंत एकमजली बांधकाम सहसा वेगळ्या परवानगीविना करता येतं. कौन्सिलकडे आधी अर्ज केला आणि शेजाऱ्यांच्या हरकती आड आल्या नाहीत, तर 6 मीटरपर्यंतही. मूळ म्हणजे 1 जुलै 1948 रोजी घर जसं उभं होतं तसं. पुढे आधीच्या मालकांनी वाढवलेलंही आपल्याच खात्यात मोजतात. ठेकेदाराचं म्हणणं, पाया खणतोच आहोत तर सहा मीटर घ्या.

मी नकाशावर सहा मीटरची भिंत काढली. शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या मध्यावरून 45 अंशांची रेघ ओढली. उजेड अडतो का हे पाहायला इथल्या कौन्सिली हीच रेघ वापरतात. रेघ आमच्या भिंतीत खोल घुसली. डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो. त्यातलं दुपारचं ऊन त्यांच्या ओट्यावरून काढून घ्यायचं, हे मनाला पटेना.

म्हणून तीनच मीटर. स्वयंपाकघर मागे सरकवायचं, त्याच्या जुन्या जागेत मधल्या खोलीला लागून न्हाणीघर करायचं आणि मधली खोली सासूबाईंना द्यायची. बोळ उघडाच ठेवायचा. पुण्याच्या वाड्यांत चौक आतल्या खोल्यांना उजेड-वारा देई, तेच काम हा बोळ करतो. दिवसाचे बरेच तास जी व्यक्ती घरातच बसणार, तिच्या खिडकीसमोर भिंत घालायची नाही, यावर मी अडून बसले आहे.

अंगणात गटाराचं झाकण आहे. 2011 पासून अशा सामाईक वाहिन्या पाणी कंपन्यांकडे गेल्या, तेव्हा त्यांची संमती लागेल. हद्दीलगत बांधायचं म्हणून 1996 च्या सामाईक भिंतीच्या कायद्याप्रमाणे आजींना महिनाभर आधी लेखी नोटीसही द्यायची आहे. ती देण्याआधीच मी नकाशा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि विचारलं, भिंत उंच किती? हद्दीजवळ वळचण 3 मीटरपर्यंत चालते. छत सपाट ठेवून ती अडीचच्या आसपास आणता येईल का, ते आता आर्किटेक्टला विचारलं आहे.