चोचीचा न्याय

माणसांची वर्दळ नकोशी झाली म्हणून मी बोरिवली सोडली आणि खाडी ओलांडून गोराईस येऊन राहिलों. येथें पांच गावठी कोंबड्यांशीं माझा घरोबा जमला. माणसांचे हेवेदावे या जातींत नाहींत, असें मी येणाऱ्याजाणाऱ्यास मोठ्या प्रौढीनें सांगत असें. माझा हा गैरसमज एका तलंगेनें प्राण देऊन दूर केला.

झालें तें असें. बाजारांतून तीन तलंगा आणल्या आणि भर दुपारीं अंगणांत सोडून दिल्या. पाहुणे आले कीं घरचे सरकून जागा देतात, एवढेंच माझें ज्ञान! थोरली तांबडी मान फुगवून धांवली, पाठोपाठ बाकीच्या. दाण्याचें भांडें एकच, लपावयास आडोसा नाहीं. एकीच्या डोक्यावर रक्त दिसतांच सगळ्यांच्या चोचा तेथेंच पडूं लागल्या. मी काठी घेऊन धांवलों. पण उशीर झाला होता. रात्रीं ती मेली.

सकाळीं शेजारच्या मावशी आल्या. गोराईच्या जुन्या ख्रिस्ती घरांतल्या. कोंबड्या पाळण्यांतच त्यांचा जन्म गेलेला. त्या रागावल्या नाहींत. फक्त म्हणाल्या, "बाबा, नवी सून पहिल्याच दिवशीं चुलीपाशीं एकटी सोडतात का?"

मग त्यांनीं रीत सांगितली. नव्या कोंबड्या आणतांच तीन-चार आठवडे दूर, निराळ्या खुराड्यांत ठेवाव्या. त्यांचें दाणापाणीहि निराळें असावें. धडधाकट दिसणारें पाखरूं रोग घेऊन येऊं शकतें. २००६ सालीं नवापुरास बर्ड फ्लूपायीं लक्षावधि कोंबड्या माराव्या लागल्या, हें मला ठाऊक होतें. पण वर्तमानपत्रांतलें ज्ञान अंगणांत आठवत नाहीं! त्यानंतर आठ-दहा दिवस मध्यें जाळी ठेवून दोन्ही बाजूंस दाणे टाकावे; दिसूं द्यावें, पण टोचूं देऊं नये. शेवटीं काळोख पडल्यावर नव्यांना अलगद जुन्यांच्या शेजारीं दांडीवर बसवावें. अंधारांत कोंबडी भांडत नाहीं. सकाळीं भांडीं दोन-तीन ठिकाणीं मांडावीं आणि आपण समोर बसावें. किरकोळ टोचणी चालूं द्यावी. रक्त दिसलें कीं जखमी कोंबडी तत्काळ बाजूस काढावी.

उरलेल्या दोघी अशा रीतीनें नांदूं लागल्या. टोचणी मात्र संपली नाहीं. शेल्डेरुप-एब्बे या नॉर्वेजियन संशोधकानें १९२१-२२ च्या सुमारास दाखवून दिलें कीं, कोणीं कोणास टोचावें याची कळपांत ठरीव उतरंड असते. नवा जीव आला कीं ती विस्कटते आणि पुन्हा बसेपर्यंत भांडणें होतात. तांबडी दुष्ट नव्हती. ती आपली पायरी राखीत होती.

हें कळलें आणि पन्नास वर्षांपूर्वींचा एक मुलगा आठवला. तो कोंकणांतून वर्षाच्या मध्येंच आमच्या वर्गांत आला. त्याच्या हेलाला सगळे हंसत. मी आरंभीं हंसत नव्हतों. पण एके दिवशीं तो फळ्यासमोर रडला, आणि त्यानंतर सर्वांत मोठ्यानें मीच हंसूं लागलों. कारण तोंवर वर्गांत सर्वांच्या खालीं मी होतों. दिवाळीनंतर तो शाळेंत आलाच नाहीं.

कोंबड्यांसाठीं मीं आतां जाळी जपून ठेविली आहे. त्या मुलाचें नांव मात्र, कितीहि आठवलें तरी, मला आठवत नाहीं.