टँकरचे समसमान वाटे

एप्रिल 2024 च्या मेंटेनन्स बिलात ‘टँकर – प्रति फ्लॅट’ अशी एक नवी ओळ आली. तिच्यापुढचा आकडा आमच्या महिन्याच्या दूध-भाजीहून मोठा होता. शेजारच्यांना तोच, वरच्यांना तोच, रोज सकाळी पाइप लावून गाडी धुणाऱ्यांनाही तोच. ती ओळ मला अजून सलते.

आधीचं थोडक्यात सांगतो. आम्ही मूळचे लातूरचे. बेंगळुरूत सर्जापूर रोडच्या बाजूला भाड्याने राहतो, दोघंही नोकरी करतो, मुलगी तेव्हा चौथीत होती. शाळेची फी वाढली आणि आम्ही घरखर्चाला कात्री लावायला बसलो. दहा मिनिटांत सामान आणणारी ॲप्स फोनवरून काढली. बाकी सगळ्या काटकसरीने मिळून वाचलं नसेल तेवढं त्या एका गोष्टीने वाचलं. कोथिंबिरीची जुडी मागवायची आणि ‘डिलिव्हरी फ्री होते’ म्हणून सोबत चारशेचं काहीतरी घ्यायचं, हा धंदा संपला. भाजी हॉपकॉम्स या सहकारी दुकानातून, ओटीटी एकच, वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट नाही. या शेवटच्या कलमावरून मुलगी रुसली, मग विसरली. हे सगळेच करतात, त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही.

विजेचं मात्र सांगायला हवं. कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती योजना आहे. सुरुवातीच्या नियमानुसार 200 युनिटच्या आत, योजनेच्या आदल्या वर्षीच्या सरासरीवर दहा टक्के जास्त वापरलं तरी बिल शून्य. 200 ओलांडले की अख्खं बिल भरा. भाडेकरूंनाही लागू. मुलीला हा खेळच मिळाला. शाळेतून आली की खाली जाऊन मीटर वाचायची आणि वर येऊन आजचे युनिट सांगायची. कुणी गीझर चालू ठेवला तर तीच ओरडायची. मुलांना काटकसरीवर भाषण देऊ नका, मीटर दाखवा, असं मी तेव्हा ऑफिसात भेटेल त्याला सांगत होतो.

मग 2024 चा मार्च उजाडला. आदल्या वर्षी पाऊस कमी झालेला. शहरातल्या जवळजवळ 14,000 सरकारी बोअरपैकी 6,900 आटल्याचं उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या घरची बोअरही कोरडी पडली होती. आमच्या भागात कावेरीचं पाणी पोचलेलंच नव्हतं, सोसायटीची सगळी भिस्त बोअरवर. ती आटली आणि टँकर सुरू झाले. प्रशासनाने दर बांधून दिला: 12,000 लिटरचा टँकर पाच किलोमीटरच्या आतून आणला तर 1,000 रुपये, दहापर्यंत 1,200. आमचा टँकरवाला दोन हजारांच्या खाली येईना. जवळ पाणीच नाही, लांबून आणतो, म्हणाला. त्याला काय बोलणार?

जरा हिशेब करा. कावेरीच्या नळाला तेव्हा घरगुती वापराच्या पहिल्या 8,000 लिटरसाठी दर हजार लिटरमागे 7 रुपये होता. सरकारी दराचा टँकर 83 रुपये, आमचा 166 च्या वर. म्हणजे जुन्या बेंगळुरूतला बंगलेवाला सात रुपयांत अंघोळ करत होता आणि रिंगरोडच्या बाहेरचा भाडेकरू त्याच्या जवळजवळ चोवीस पट मोजत होता. याला पाणीटंचाई म्हणतात.

त्याच दिवसांत आई आमच्याकडे आलेली. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते दिवस तिने काढलेले. तिने दुसऱ्याच दिवशी घराचा ताबा घेतला. शॉवर बंद, एक बादली, तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना, वॉशिंग मशीनचं फ्लशला, आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला. मुलगी आजीच्या हाताखाली मुकादम झाली आणि मी तांब्याभर पाणी जास्त घेतलं तरी बाहेरून दार वाजवायची. जलमंडळाने पिण्याचं पाणी गाडी धुण्यासारख्या कामांना वापरण्यावर 5,000 रुपये दंड लावला होता. मार्चअखेर 22 घरांकडून तो वसूल केल्याची बातमीही आली. आमच्या पार्किंगमध्ये दंड घ्यायला कुणी आलं नाही.

आणि मग ते बिल आलं.

मुलीने विचारलं, ‘‘बाबा, आपण एवढं वाचवलं, मग आपलं कमी का नाही?’’ मी म्हटलं, फ्लॅटला पाण्याचं वेगळं मीटर नाही. आई म्हणाली, ‘‘मग कामून वाचवायलो आपण?’’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मी सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी थंडपणे सांगितलं, वाटणी चौरस फुटांवर केली असती तर मोठे फ्लॅटवाले भांडले असते, माणशी केली तर मोठी कुटुंबं. समान वाटा म्हणजे कुणीच भांडत नाही. मी भांडतोय की, म्हटलं. त्यावर ते म्हणाले, तुम्ही भाडेकरू, तुमच्या मालकांना मीटिंगला पाठवा. मालक अमेरिकेत. पैसे भरायचे भाडेकरूने, मत द्यायचं मालकाने. सोसायटीच्या ज्या स्विमिंग पूलला टंचाईमुळे कुलूप होतं त्याचा देखभाल खर्चही त्याच बिलात होता, आणि मुलीच्या पोहण्याच्या क्लासची आगाऊ भरलेली फी तर परत आलीच नाही.

मीटर बसवायचं म्हटलं तरी सोपं नाही, हे प्लंबरने समजावलं. जुन्या इमारतीत स्वयंपाकघराला, प्रत्येक बाथरूमला गच्चीवरून वेगळा पाइप उतरतो. म्हणजे एका फ्लॅटला चार-पाच मीटर. बांधतानाच एक पाइप आत घेऊन फिरवला असता तर एकाच मीटरमध्ये भागलं असतं. बिल्डरने पाइप वाचवला, झालं.

मे महिन्यात ताई तिच्या मुलांसह सुट्टीला आली. एका फ्लॅटमध्ये आम्ही आठ माणसं, आणि टँकरचा वाटा तेवढाच. त्या महिन्यात मी मीटरचा विषय काढला नाही. सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले, पाहुण्यांकडे बघून हसले. मीही हसलो. तरी जूनमध्ये त्यांना मीटरसाठी पत्र दिलं. त्याचं उत्तर आलेलं नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये कावेरीच्या पाचव्या टप्प्याचं उद्घाटन झालं. शहराच्या कडेच्या 110 गावांसाठी दिवसाला 77.5 कोटी लिटर पाणी. उत्तमच झालं. पण सोसायटीच्या टाकीत कुठलंही पाणी पडलं तरी पुढची वाटणी तीच राहणार.

बेंगळुरूत भाड्याने घर बघत असाल तर मॉड्युलर किचन, क्लब हाउस नंतर बघा. ॲडव्हान्स देण्याआधी दोनच गोष्टी विचारा: कावेरीचं कनेक्शन आहे का, आणि फ्लॅटला पाण्याचं स्वतःचं मीटर आहे का. दुसऱ्या प्रश्नावर एजंट गोंधळला, तर सरळ पुढचं घर बघा.