न ऐकलेला परिच्छेद

अमेरिकेतील राजकीय पक्षांची राष्ट्रीय अधिवेशने आजही नावाला उमेदवार निवडण्यासाठी भरतात. प्रत्यक्षात तो निर्णय बहुधा राज्याराज्यांत महिनोन्‌महिने चाललेल्या प्राथमिक निवडणुकांत, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण असावा यासाठी होणाऱ्या मतदानात, आधीच होऊन गेलेला असतो, आणि सभागृहात उरते ते मुख्यतः भाषण. हे भाषणही पूर्वी असे नव्हते. उमेदवाराने अधिवेशनापासून दूर राहायचे आणि पुढे काही आठवड्यांनी आलेल्या शिष्टमंडळाकडून आपल्या निवडीची वार्ता औपचारिकपणे ऐकून घ्यायची, असा जुना संकेत होता. १९३२ साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तो मोडला, विमानाने शिकागो गाठले आणि उमेदवारी अधिवेशनासमोर स्वतः उभे राहून स्वीकारली. १९४८ साली दोन्ही मोठ्या पक्षांनी फिलाडेल्फिया हेच शहर निवडले, त्यामागे पूर्व किनाऱ्यावरील शहरांना चित्रवाणीचे प्रक्षेपण पोचवणारी तार तिथून जात होती हे एक मोठे कारण होते. तेव्हापासून अधिवेशनातील वक्त्याला एकाच वेळी दोन श्रोतृवर्गांसमोर बोलावे लागते : समोर बसलेले पक्षाचे प्रतिनिधी, ज्यांना तिथे ‘डेलिगेट’ म्हणतात, आणि देशभरातील दिवाणखाने.

या दोहोंतील पहिल्या श्रोत्यांची प्रतिक्रिया पुष्कळ अंशी भाषणाचाच भाग असते. राज्याच्या नावाची पाटी लावलेल्या उंच काठ्यांभोवती बसलेल्या प्रतिनिधींच्या हाती कोणत्या वक्त्याच्या वेळी कोणते फलक द्यायचे हे आयोजकांनी ठरवलेले असते, आणि वक्ताही आपली वाक्ये तीन-तीनच्या गटात किंवा ‘ते असे, आम्ही असे’ या विरोधाच्या चालीवर रचतो, म्हणजे टाळी कुठे द्यायची हे श्रोत्यांना क्षणभर आधीच उमगते. क्वचित हा मेळ बिघडतो. १९६४ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमध्ये नेल्सन रॉकफेलर अतिरेकी गटांविरुद्ध बोलू लागले तेव्हा त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या सभागृहाने हुर्यो करून त्यांना अडवले होते. पण एरवी सभागृहातील जल्लोषावरून फारसे काही कळत नाही. कळते ते दिवाणखान्यांवरून, आणि तिथली प्रतिक्रिया पाहू गेल्यास पक्षनिष्ठा माणसाच्या मतावर जेवढी चालते तेवढीच त्याच्या कानांवरही चालते, असे मानावे लागते.

याचा एक पुरावा खेळाच्या मैदानावरून आलेला आहे. १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांच्या संघांत फुटबॉलचा एक अत्यंत धसमुसळा सामना झाला, आणि अल्बर्ट हॅस्टॉर्फ व हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी त्याचे चित्रीकरण दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवून त्यांना दिसलेले नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या खेळाडूंचे जेवढे नियमभंग दिसले, ते डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसलेल्यांपेक्षा दुपटीहून अधिक होते. चित्रफीत एकच होती आणि खोटे कुणी बोलत नव्हते. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे सांगणे असे, की दोन्ही बाजूंनी ‘एकच सामना’ पाहिला आणि त्यांची मते मात्र वेगळी झाली, असे म्हणणेच चुकीचे आहे; त्यांनी दोन वेगळे सामने पाहिले.

राजकारणात याचे सर्वांत ठळक उदाहरण जॉर्जियाचे झेल मिलर यांचे म्हणता येईल. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १९९२ साली भरलेल्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात त्यांनी बिल क्लिंटन यांच्या बाजूने बीजभाषण केले, म्हणजे अधिवेशनाचा सूर लावून देण्याचा मान त्यांच्याकडे होता, आणि २००४ साली त्याच इमारतीत, स्वतः डेमोक्रॅटिक सिनेटर असतानाच, रिपब्लिकन अधिवेशनाचे बीजभाषण करून त्यांनी डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरी यांच्यावर कठोर हल्ला चढवला. वक्ता तोच, सभागृह तेच, घसा ताणून बोलण्याची पद्धतही तीच होती. तरी पहिल्या वेळी ज्यांना तो खेडवळ प्रामाणिकपणा वाटला होता त्यांना दुसऱ्या वेळी तो द्वेष वाटला, आणि दुसऱ्या बाजूला याच्या नेमके उलट घडले.

पुस्तकातून हे समजणे आणि स्वतःच्या कानांविषयी हे कळून येणे यांत मोठे अंतर आहे. प्रस्तुत लेखिकेला ते २००८ साली ओहायो राज्यातील डेटन शहराच्या केटरिंग या उपनगरात कापावे लागले. ती तिथे एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या परदेशी व्यक्तीच्या जोडीदाराला मिळणाऱ्या परवान्यावर राहत होती. त्या परवान्यावर तेव्हा नोकरी करता येत नसे आणि मताचा अधिकार अर्थातच नव्हता. मत नसल्यामुळे आपण निःपक्ष आहोत अशी तिची समजूत होती, आणि त्याच समजुतीने तिने त्या उन्हाळ्यात एक वही करून अधिवेशनांतील भाषणांची टिपणे काढायला सुरुवात केली होती. परिसर त्यासाठी योग्यच होता. ओहायो हे तेव्हा कोणत्याही पक्षाचे हक्काचे नसलेले, म्हणून दोघांनीही चुरशीने लढवलेले राज्य होते. शेजारच्या मोरेन गावातील मोटारींचा कारखाना बंद होणार असल्याची घोषणा त्याच जूनमध्ये झाली होती आणि गल्लीगल्लीत त्याचीच काळजी होती.

२८ ऑगस्टच्या रात्री डेन्व्हरच्या खुल्या मैदानात, सुमारे ८४ हजार लोकांसमोर, बराक ओबामा यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी स्वीकारली. ते भाषण लेखिकेने शेजारच्या घरी ऐकले. शेजारी निवृत्त यंत्रकामगार, त्यांची पत्नी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, दोन-तीन वर्षांत निवृत्त होणारी. दोघेही रिपब्लिकन, आणि दोघेही अतिशय अगत्यशील. शेजाऱ्यांचे लक्ष भाषण सुरू होण्यापूर्वीच व्यासपीठामागच्या खांबांवर गेले होते, कारण ‘ग्रीक मंदिर उभारले आहे’ ही टीका दिवसभर वाहिन्यांवर चालली होती, आणि पुढचा पाऊण तास ते मधूनमधून त्या खांबांकडेच परत येत राहिले. त्यांची पत्नी शाळेतून धुवायला आणलेले एप्रन घडी घालत बसली होती. जन्मभर राबून निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेली ओहायोतील एखादी स्त्री एका आजारपणाने उद्ध्वस्त होण्याच्या बेताला येते, असा देश आपला नाही, अशा आशयाचे वाक्य ओबामा यांनी उच्चारले तेव्हा तिचे हात थांबले. लेखिकेला वाटले, वाक्य पोचले. शेजारणीने एप्रनची घडी गुडघ्यावर दाबली आणि पडद्याकडे पाहत शांतपणे म्हटले, “मी काही कुणाची बिचारी नाही.”

वहीत त्या रात्री हे वाक्य उतरले, पण पक्षाभिमानाचा नमुना म्हणून. तिच्या भल्यासाठी बोललेले वाक्यदेखील तिला ऐकू येत नाही, असा शेरा त्याखाली होता.

पुढचा बुधवार, ३ सप्टेंबर, म्हणजे गणेश चतुर्थी. डेटन परिसरातील एका मराठी डॉक्टर दांपत्याच्या घरी गणपती होता, आणि कामाचा दिवस असल्यामुळे पूजा संध्याकाळी होऊन आरतीला रात्रीचे आठ वाजले. मखरासाठी टीव्ही मूळच्या जागेवरून हलवून जेवणाच्या टेबलाजवळ कोपऱ्यात नेला होता. पाने वाढून, आवरून झाल्यावर दहा-बारा माणसे कागदी ताटल्यांत उरलेले मोदक घेऊन त्या कोपऱ्याभोवती दाटीने बसली, कारण सेंट पॉल येथील रिपब्लिकन अधिवेशनात अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांचे भाषण होणार होते. उपाध्यक्षपदासाठी त्यांचे नाव पाचच दिवसांपूर्वी डेटनमध्येच जाहीर झालेले असल्याने उत्सुकता मोठी होती. ती देशभर होती. ओबामांचे भाषण ३ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी चित्रवाणीवर पाहिले होते, तर पेलिन यांचे ३ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांनी.

जमलेल्यांतील बहुतेक ओबामांच्या बाजूचे होते, सगळे नव्हते. दंतवैद्यक करणाऱ्या एका काकांनी ओबामांच्या भाषणातून फक्त कराचा भाग लक्षात ठेवला होता. नोकरदार कुटुंबांपैकी ९५ टक्क्यांचा कर कमी करण्याच्या आश्वासनाचा अर्थ उरलेल्या पाच टक्क्यांत आपण, एवढाच त्यांनी घेतला होता, आणि तो हिशेब चुकीचा म्हणता येत नव्हता. पण खोलीचा सूर यजमानीणबाईंनी, म्हणजे वहिनींनी, लावला. लहान गावाचा महापौर हा समाजसंघटकासारखाच असतो, फरक इतकाच की त्याच्यावर खरीखुरी जबाबदारी असते, असा टोला पेलिन यांनी हाणला आणि सेंट पॉलचे सभागृह दणाणून हसले, तेव्हा वहिनींनी हातातली ताटली खाली जमिनीवर ठेवली. शिकागोच्या दक्षिण भागात पोलाद कारखाने बंद पडल्यावर बेकार झालेल्या वस्त्यांत ओबामांनी १९८५ पासून तीन वर्षे असे संघटनाचे काम केले होते, त्याला उद्देशून तो टोला होता. वहिनींना मात्र त्यात पुण्यातील वस्तीत लसीकरणासाठी दारोदार हिंडण्यात गेलेली आपली दोन वर्षे दिसली. “म्हणजे आम्ही नुसत्या फिरत होतो का?” असे त्या म्हणाल्या आणि नंतर भाषण संपेपर्यंत बोलल्या नाहीत.

लेखिकेला वहिनींचे दुःख तत्काळ समजले; ते पक्षीय आहे असे तिच्या मनातही आले नाही. त्या रात्रीच्या टिपणात ‘बोचरे’, ‘उथळ’, ‘पाठ केलेले’, ‘क्रूर’ असे शब्द होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण कुंपणापाशी आली. तिचे डोळे जागरणाने आणि आनंदाने चमकत होते. तिने विचारले, “आमच्यासारख्या घरांबद्दल ती बोलली, ते ऐकलंस ना?” लेखिकेला ती कशाबद्दल बोलते आहे हेच कळेना. शेजारणीची नात डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मलेली, सात वर्षांची. दर शनिवारी आजीकडे यायची आणि लेखिकेच्या दारासमोरच्या फरसबंदीवर रंगीत खडूंनी सूर्य काढायची. पेलिन यांनी आपल्या भाषणात, त्याच व्याधीसह जन्मलेल्या स्वतःच्या तान्ह्या मुलाचा संदर्भ देऊन, विशेष गरजा असलेल्या मुलांच्या आईवडिलांना उद्देशून सांगितले होते, की आम्ही निवडून आलो तर व्हाईट हाऊसमध्ये तुम्हाला एक स्नेही आणि तुमची बाजू मांडणारे कुणीतरी लाभेल.

लेखिका घरात आली आणि तिने वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर भाषणाची संहिता उघडली. परिच्छेद होता. वही उघडली, परिच्छेद नव्हता. जे होते ते असे, की कॅमेरा त्या बाळाकडे वळला तेव्हा एवढ्या लहान मुलाला इतक्या रात्री सभागृहात आणावे काय, यावर खोलीत चर्चा सुरू झाली. बाळाच्या बहिणीने तळहात जिभेने ओला करून त्याचे केस बसवले, त्यावर कुणी कौतुक केले, कुणी हे दाखवण्यासाठीच आहे असे म्हटले, आणि वहीत ‘कुटुंबाचे प्रदर्शन’ एवढे दोन शब्द पडले. ज्या मुलीने काढलेल्या सूर्यांवरून लेखिका रोज जपून पाय टाकत असे, तिच्याविषयीचे शब्द दहा हातांवरून आले आणि कानांवर पडून निघून गेले. पाने मागे उलटल्यावर आणखी एक गोष्ट दिसली : २८ ऑगस्टच्या टिपणात ओबामांची अख्खी वाक्ये होती, अवतरणचिन्हांसह, ३ सप्टेंबरच्या टिपणात पेलिन यांचे एकही पूर्ण वाक्य नव्हते, सगळी विशेषणे होती, आणि ती लेखिकेची होती.

मग ‘बिचारी’ या शब्दाचा उगमही शोधावा लागला, आणि तो शोधायला फार लांब जावे लागले नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे निधी जमवण्याच्या एका खासगी बैठकीत ओबामा असे बोलून गेले होते, की रोजगार गेलेल्या लहान गावांतील माणसे कडवट होऊन बंदुकांना आणि धर्माला चिकटून राहतात. शब्द नीट निवडले गेले नाहीत हे त्यांनी पुढे मान्य केले, पण ओहायोतील या घरात ते वाक्य एप्रिलपासून रोज जेवायला बसत होते. म्हणून डेन्व्हरच्या भाषणातील त्या ओहायोच्या स्त्रीकडे शेजारणीने सहानुभूती म्हणून पाहिलेच नाही. पाठीमागे ज्याने आपल्याला नावे ठेवली तोच समोर आल्यावर कळवळा दाखवतो आहे, असे तिला ऐकू आले. आणि पेलिन यांनी नेमक्या त्याच जागी बोट ठेवले होते. आम्ही ऐकत असताना एक आणि ऐकत नसताना दुसरेच बोलणारा उमेदवार आम्हाला नको, हे त्यांचे वाक्य मराठी घरात एक स्वस्त चिमटा म्हणून ऐकले गेले, कारण एप्रिलचा प्रसंग तिथे कुणाच्या जिव्हारी लागलेला नव्हता. शेजारीण आणि वहिनी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. दोघींनाही त्या आठवड्यात, देशातील दोन सर्वाधिक गाजलेल्या भाषणांत, आपल्या कष्टांचा कुणीतरी उपहास किंवा कीव केल्याचे ऐकू आले होते, आणि लेखिकेने त्यांपैकी एकीला दुखावलेली तर दुसरीला हट्टी ठरवले होते.

४ नोव्हेंबरला ओहायोने ओबामांना कौल दिला. २३ डिसेंबरला मोरेनच्या कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली. त्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या दारापुढचा बर्फ आणि लेखिकेच्या दारापुढचा बर्फ शेजाऱ्यांनीच काढला. वही अजून आहे. तिच्यातील ३ सप्टेंबरच्या पानावर, समासात जागा पुरेना म्हणून उभ्या ओळींत, तो परिच्छेद संपूर्ण उतरवलेला आहे, आणि शाई वेगळी असल्यामुळे तो नंतर घातला आहे हे कुणाच्याही लक्षात यावे. २८ ऑगस्टच्या पानावरचा शेरा मात्र खोडलेला नाही. त्याच्यापुढे तारीख घालून फक्त शेजारणीचे वाक्य पुन्हा एकदा, या वेळी अवतरणचिन्हांत, लिहिले आहे.